सेव्ह होत नाही, मॅडम!

लोक माझ्याकडे चार्जर विसरतात, पेनड्राइव्ह विसरतात. एकदा तर एक गृहस्थ स्वतःचा चष्मा इथे ठेवून आमच्या ह्यांचा चष्मा घालून घरी गेले. या वस्तू दोन दिवसांत आपापल्या घरी पोचतात. गोष्टी मात्र परत न्यायला कोणी येत नाही! त्या माझ्याकडेच साठत गेल्या आहेत, आणि आता इतक्या झाल्यात की कोणाला तरी सांगितल्याशिवाय नवीन ठेवायला जागा होणार नाही.

जबलपुरातल्या गोरखपूर भागात आमचं घर. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं होते. रिटायर झाल्यावर एकदा आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात कोणीतरी तक्रार केली, की नातवाच्या बारशाचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर जोडला, गाणी घातली, सगळं केलं, पण शेवटी सेव्हच होत नाही. मी म्हटलं, "घेऊन या, बघू."

झालं! तेव्हापासून आमची पुढची खोली म्हणजे व्हिडिओंचा दवाखाना. येणाऱ्यांत पाच पिढ्यांपासून इथेच असलेली घरं आहेत, मागच्या वर्षी बदली होऊन आलेली पोरंही आहेत. कोणाचं मराठी अर्धं हिंदीत असतं, कोणाचं पुस्तकातलं. पण दारातून आत येताना वाक्य एकच:

"मॅडम, सेव्ह नाही होऊन राहिलं!"

*

सुरुवातीच्या पेशंटांपैकी भालेराव काका. वय चौऱ्याहत्तर. बँकेतून रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर शिकले, आणि लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून स्वतःच्या हातांनी साडेतीन तासांची फिल्म तयार केली. साडेतीन तास! काकूही सोबत आल्या होत्या.

काकांनी टेबलावर तीन पेनड्राइव्ह ओळीने मांडले, डॉक्टरला गोळ्या दाखवतात तसे.

"हा आठचा, हा सोळाचा, हा बत्तीसचा. तिन्ही रिकामे. आणि मशीन काय म्हणते, तर फाइल मोठी आहे! काहून भई? फाइल तर सहाचीच आहे. आता याच्याहून मोठा आणायला नागपूरला जाऊ का?"

मी त्यांना समजावलं. पेनड्राइव्ह मोठा आहे, पण त्याची मांडणी जुन्या पद्धतीची आहे. त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी अशी एक अख्खी फाइल आत मावतच नाही. खोली ऐसपैस, पण दार इतकं अरुंद की कपाट आत जात नाही. दार रुंद करायचं, म्हणजे पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने फॉरमॅट करायचा. झालं काम.

दहा मिनिटांत फिल्म आत गेली. काका स्क्रीनकडे बघत राहिले. मग एकदम खुर्चीत वळून काकूंना म्हणाले, "ऐकलं? दोष फिल्मचा नव्हता! पेनड्राइव्हचा होता! आणि तू महिनाभर म्हणून राहिली होती, लांबी कमी करा, लांबी कमी करा."

काकू शांतपणे म्हणाल्या, "ते मी अजून म्हणून राहिली आहे."

*

सिहोऱ्याचे पाठक गुरुजी. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त. सिहोऱ्याहून बसने आले, आणि आल्या आल्या त्यांनी जे मागितलं ते आजवर दुसऱ्या कोणी मागितलेलं नाही.

"मॅडम, तुमच्या मंडळातून चार माणसं मिळतील का? एका दिवसापुरती."

"कशाला हो गुरुजी?"

"माउस हलवायला."

मग हळूहळू सगळं कळलं. गुरुजींनी वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ केला होता. कॉम्प्युटर जुना. सगळे तुकडे, गाणी, अक्षरं एकत्र शिवून त्याची एक फिल्म बनवायची, याला आम्ही रेंडर म्हणतो; त्याला त्या मशीनवर नऊ तास लागत होते. आणि अर्धा तास कोणी हात लावला नाही की मशीन झोपायचं. झोपलं की सगळं काम बंद! चार वेळा असं झालं.

पाचव्या वेळी गुरुजींनी भिंतीवर वेळापत्रक लावलं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. पहिला तास मुलगा, दुसरा तास नातू, तिसरा स्वतः, असं करत घरातल्या प्रत्येकाने बसायचं आणि माउस हलवत राहायचा. दुपारी जेवणानंतर डोळा लागतो, म्हणून त्या वेळी दोघांनी मिळून बसायचं. एकाला डुलकी लागली तर दुसऱ्याने जागं करायचं. नऊ तास त्या घरात माउस थांबला नाही, आणि फिल्म सेव्ह झाली!

"आता नातवाची मुंज आहे," गुरुजी म्हणाले. "अकरा तास लागतील. घरची माणसं कमी पडून राहिली."

मला हसू आवरेना, आणि दुसरीकडे त्या माणसासमोर हात जोडावेसे वाटले. मी माझ्या कॉम्प्युटरवर सेटिंग उघडून दाखवलं. इथे क्लिक करायचं, 'कधीही नाही' निवडायचं. मशीन झोपणार नाही. कोणी बसायला नको.

गुरुजी बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत होते.

"एवढंच?"

"एवढंच."

चहा संपला. गुरुजींनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेले, परत आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, हे माझ्या घरी कोणाला सांगू नका हं."

"का हो?"

"दुपारच्या पाळीला थोरली आणि धाकटी सून बसल्या होत्या. दीड वर्षापासून दोघी बोलत नव्हत्या. आता रोज विचारून राहिल्या, बाबा, मुंजीचं रेंडर कधी?"

*

सुभेदार शिर्के यांच्याकडे मला घरी जावं लागलं, कारण ते फोनवर इतक्या मोठ्याने बोलत होते की मला काही कळेना. फौजेतून निवृत्त झालेला सहा फुटी माणूस. नातीच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ सेव्ह करायला गेले, तर मशीन म्हणालं, या फोल्डरमध्ये सेव्ह करायची तुम्हाला परवानगी नाही.

"माझं घर, माझी नात, माझा कॉम्प्युटर! आणि मला परवानगी नाही? मग कोणाची लागते?"

"अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची," मी म्हटलं. "कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू करताना ज्याचं नाव घातलं असेल, त्याची."

नाव बघितलं. शालिनी शिर्के! कॉम्प्युटर आला तेव्हा सुभेदार पुतण्याच्या साखरपुड्याला साताऱ्याला गेले होते. बाईंनी दुकानातल्या माणसासमोर स्वतःच सगळं भरलं होतं.

सुभेदारांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, "अगं, परवानगी दे म्हणते मशीन!"

शालिनीताई पदराला हात पुसत आल्या. पासवर्ड सांगेनात. "मी स्वतः टाकते," म्हणाल्या, आणि एक एक बटण शोधत टाकायला लागल्या. आकडेच आकडे. सुभेदार मागे उभे होते. पाचव्या-सहाव्या आकड्याला ते पुढे वाकले.

"हा तर माझा नंबर आहे."

फौजेतला नंबर! प्रत्येक जवानाला भरतीच्या दिवशी मिळतो, तो.

"तुला पाठ आहे?"

बाईंनी शेवटचं बटण दाबलं. फोल्डर उघडलं. "चोवीस वर्षं पत्राच्या पाकिटावर लिहून राहिली होती," त्या म्हणाल्या. "पाठ नाही होणार?"

सुभेदार ताठ उभे राहिले. त्यांना बहुतेक स्वतःलाही कळलं नाही.

*

कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारे मुळे सर माझे जुने सहकारी. त्यांची अडचण साधी होती: डिस्क फुल. नवीन काही सेव्ह व्हायला जागाच नव्हती.

मी उघडून बघितलं. मुलीच्या लग्नाची फिल्म, आणि तिच्या अकरा प्रती! नावं अशी: फायनल, फायनल दोन, खरंच फायनल, याला हात लावू नका, हीच.

"सर, एक ठेवू, बाकीच्या काढू. फरक काय आहे यांच्यात?"

"थोडासाच आहे."

कोणती ठेवायची ते ठरवायला म्हणून मी एकेक उघडून पुढे पळवून बघितली. पहिल्या प्रतीत मुलीची पाठवणी तासाभराने येत होती. दुसरीत त्याच्या नंतर पाच मिनिटांनी. तिसरीत आणखी उशिरा; मध्ये पंगतीचा मोठा तुकडा घातला होता. चौथीत वरातीतला नाच परत एकदा. प्रत्येक प्रतीत सर काहीतरी घालत होते, आणि पाठवणी मागे मागे जात होती. अकराव्या प्रतीत मी शेवटपर्यंत गेले. लोक जेवतायत, हसतायत, मुलगी आइस्क्रीम खातेय, आणि फिल्म संपली.

"सर, यात पाठवणी कुठे आहे?"

सर खिडकीबाहेर बघत होते.

"ठेवलीच नाही."

*

तन्मय हा बँकेत बदली होऊन आलेला पुण्याकडचा मुलगा. मुलगी इथेच झाली. तिच्या पहिल्या वर्षाची पाऊण तासाची फिल्म त्याने रोज ऑफिसमधून आल्यावर थोडी थोडी करत बनवली. आई मिरजेला एकटी. तिने नातीला एकदाच पाहिलं होतं, ती पाच दिवसांची असताना. त्यानंतर गुडघ्यांमुळे प्रवास बंद.

तन्मय कामासाठी पुण्याला गेला, तेव्हा मिरजेला जाणाऱ्या मित्राच्या हातात त्याने पेनड्राइव्ह दिला. आईकडे त्याचाच जुना लॅपटॉप होता, त्यात व्हिडिओ जोडायचं तेच सॉफ्टवेअर. मित्राने पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, 'काकू, इथे दाबा' म्हणाला आणि गाडी पकडायला गेला.

रात्री आईचा फोन. "पाहिलं रे राजा. डोळे भरून आले. पुन्हा पाहणार आहे."

तन्मय खूश! आठवड्याने जागा करायला म्हणून त्याने स्वतःचे फोल्डर बघितले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण पेनड्राइव्हवर काय दिलं ते. पांढराफटक पडून तो माझ्याकडे आला.

त्याने फिल्म दिलीच नव्हती! प्रोजेक्टची फाइल दिली होती. ही फाइल म्हणजे नुसती यादी असते: कोणता तुकडा कुठून घ्यायचा, कुठे कापायचा, कुठे कोणती अक्षरं दाखवायची. खरे व्हिडिओ सगळे इथे, त्याच्या लॅपटॉपवर. मिरजेला त्यातला एकही गेला नव्हता. अशी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की चित्रांच्या जागी काळोख दिसतो. अक्षरं तेवढी दिसतात, कारण ती यादीतच लिहिलेली असतात.

"म्हणजे आईने काय पाहिलं, मॅडम?"

मी माझ्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडून लावली. काळा पडदा. त्यावर पांढरी अक्षरं आली, 'आज पहिल्यांदा हसली.' गेली. काळोख. चार मिनिटांनी, 'पहिला दात.' काळोख. 'आज आजीचा फोटो ओळखला.' काळोख. ना आवाज, ना गाणं. पाऊण तास! आणि ती बाई म्हणाली होती, पुन्हा पाहणार आहे.

आम्ही तिथेच बसून पूर्ण फिल्म एका फाइलीत सेव्ह केली, आणि ती त्याने मिरजेला पाठवली.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "आईने पाहिली, मॅडम. खरी."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, ही पण छान आहे. पण पहिल्या वेळेला मला जास्त दिसलं होतं."

*

लीलाबाईंना मी अजून बाई म्हणते, मला मॅडम म्हणायची त्यांची हिंमत... नाही, हिंमत त्यांना भरपूर आहे, इच्छा नाही. शाळेत त्यांनी मला व्याकरण शिकवलं. आज एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांची मोठी बहीण, अक्का, नागपूरला असते. अक्काला हल्ली सगळं विसरायला होतं. माणसं, गावं, जेवलो की नाही ते. म्हणून लीलाबाईंनी जुने फोटो, लग्नांचे व्हिडिओ, दोघींच्या माहेरच्या माणसांचे आवाज, असं सगळं गोळा करून तिच्यासाठी एक फिल्म तयार केली. पाच महिने लागले.

"तुझं मशीन माझं नाव घेत नाहीये," त्या आल्या आल्या म्हणाल्या. मशीन त्यांचंच होतं, पण बिघडलं की ते माझं होतं.

फाइलीला त्यांनी नाव दिलं होतं, 'अक्का, आठवतंय का?'

मी म्हटलं, "बाई, फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. तेवढं काढा, लगेच सेव्ह होईल."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. सातवीत बघायच्या, तस्संच.

"वाक्य प्रश्नार्थक आहे, आणि प्रश्नचिन्ह काढू? याच्यासाठी मी तुझे मार्क कापले आहेत."

"बाई, मशीनला व्याकरण कळत नाही."

"मला कळतं."

आमचे हे चहा घेऊन आले होते, ते कप न ठेवता तसेच मागे फिरले. बाई त्या नावाच्या चौकटीकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "पूर्णविराम चालतो का?"

"चालतो."

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. जुनं नाव खोडलं. एका बोटाने, सावकाश, नवीन लिहिलं:

'अक्काला आठवेल.'

पूर्णविराम दिला आणि सेव्हचं बटण दाबलं.

*

आता बरगीच्या दत्तूभाऊंचं सांगते.

दत्तूभाऊ शेतकरी. आजोबा शिक्षक म्हणून नर्मदेकाठच्या एका गावात आले आणि तिथलेच झाले. गावात मराठी घर हे एकटंच. पुढे बरगीचं धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, आणि माणसं वर नव्या वस्तीत येऊन राहिली. पाणी चढायच्या आधी त्या गावात शेवटचं लग्न झालं ते दत्तूभाऊंच्या धाकट्या बहिणीचं. जबलपूरहून कॅमेरावाला नेला होता. लग्नासोबत त्याने सगळं गाव टिपलं: गल्ल्या, विहीर, घाट, देऊळ, ओट्यावर बसलेली माणसं. त्या गावाचं आज कुठे काही शिल्लक असेल, तर या एका कॅसेटमध्ये.

कॅसेट दत्तूभाऊंनी जबलपुरात कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. उतरवता उतरवता ती तुटली. कॉम्प्युटरवर जे आलं, तेवढंच राहिलं. भाच्याच्या मदतीने त्यांनी त्याची फिल्म जोडली, गावातल्या गेलेल्या माणसांची नावं घातली, आणि सेव्ह करायला गेले.

एक्केचाळीस टक्के. एरर.

पुन्हा केलं. एक्केचाळीस टक्के. एरर. दुसऱ्या मशीनवर केलं. एक्केचाळीस!

नेहमी एकाच जागी अडतं, तेव्हा त्या जागी काहीतरी खराब असतं. मी शोधलं. अकरा सेकंदांचा तुकडा होता. कॅसेटची फीत तिथे चुरगळली असणार. पडद्यावर नुसत्या रेघा, निळे पट्टे, आणि आवाजाच्या जागी खरखर.

"दत्तूभाऊ, सोपं आहे," मी म्हटलं. "हे अकरा सेकंद कापून टाकू. बाकी दोन तास व्यवस्थित आहेत. आत्ता सेव्ह होईल."

"जरा परत दाखवा."

मी परत दाखवलं. रेघांच्या मागे क्षणभर एक दार दिसलं. दारात कोणीतरी होतं.

दत्तूभाऊ म्हणाले, "आई आहे."

मी थांबले.

"लग्नभर ती चुलीपाशी होती. कॅमेरावाला आत नाही गेला. एकदाच बाहेर आली, कोणाला तरी आवाज द्यायला." मग जरा वेळाने म्हणाले, "तिचा फोटो नाही आमच्याजवळ. एक होता, तो सामान वर आणताना गेला. दोन तासांत ती एवढीच आहे, मॅडम. अकरा सेकंद. कापू नका."

कसं कापणार!

व्हिडिओ म्हणजे शेवटी एकामागे एक ठेवलेले फोटो, सेकंदाला पंचवीस. अकरा सेकंदांचे पावणेतीनशे. मी ठरवलं, एकेक काढून बघायचा. जो उघडेल तो ठेवायचा, जो नाही उघडणार त्याच्या जागी आधीचाच पुन्हा लावायचा. चार दिवस मी तेच करत होते. दत्तूभाऊ रोज सकाळी बरगीहून बसने यायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. एखादा फोटो स्वच्छ निघाला की पुढे वाकायचे. निळं लुगडं. कपाळावर आलेले केस. पिठाने भरलेला हात, चौकटीवर टेकलेला. प्रत्येक वेळी ते एवढंच म्हणायचे, "हो."

पावणेतीनशेतले एकशे नव्वद निघाले.

आवाज मी वेगळा काढला. खरखर जितकी कमी करता आली तितकी केली, आणि दत्तूभाऊंच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी ऐकलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला, "नर्मदे हर" म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

मग सेव्हला लावलं. हे आमचे फॅक्टरीतून रिटायर झालेले, कॉम्प्युटरच्या वाटेला न जाणारे, तेही मागे येऊन उभे राहिले. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस... आकडा हलेना.

"बेचाळीस!" हे ओरडले.

फिल्म दाखवायची ठरली नव्या वस्तीच्या शाळेत, रविवारी दुपारी. खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. आम्ही दोघंही गेलो. खोली माणसांनी भरलेली, तेवढीच दाराबाहेर. सगळ्यात पुढे खुर्चीवर दत्तूभाऊंची थोरली बहीण, गोदावरीबाई. सत्तरीच्या पुढच्या. मंडल्याला दिलेल्या, खास यासाठी आणलं होतं. त्यांची नजर गेल्याला काही वर्षं झाली. पोरं त्यांच्या कानाशी लागून सांगत होती, आता घाट आला, आता देऊळ आलं. खोलीतून आवाज उठत होते, "अरे, वो देखो, अपना कुआँ!" "ये तो बब्बा हैं!" कोणी हसत होतं, कोणी पडद्याला हात लावून यायचं. आपण ओरडतोय याचं कोणाला भान नव्हतं, कोणाला गप्प बसायचं नव्हतं.

मग ते दार आलं.

चित्र थांबत थांबत पुढे सरकलं. निळ्या लुगड्यातली बाई दारात आली. चौकटीवर हात टेकला. जराशी बाहेर वाकली. पोरांना कानाशी सांगायला वेळच मिळाला नाही. आवाज आधी आला, खणखणीत, सगळ्या खोलीभर:

"गोदे! ए गोदे! काहून इतका उशीर लावून राहिली गं?"

पुढच्या खुर्चीवर गोदावरीबाई एकदम उठल्या. काठी खाली पडली. पदर सावरत, हात पुढे करून, त्या पडद्याच्या दिशेने चालायला लागल्या.

"येऊन राहिली ना, आई! येऊन राहिली!"